अटलांटिक ओलांडलेल्या टिटव्या (आणि वाट सोडून आलेले इतर पाहुणे)

उत्तरवारा

डिसेंबर १९२७. नाताळ तोंडावर आला होता. न्यूफाउंडलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोळ्यांना शेतांत, परसात, समुद्राकाठच्या गवतात अनोळखी पक्षी दिसायला लागले. कबुतराएवढे. पाठ हिरवट काळी, पोट पांढरं, छातीवर काळा पट्टा आणि डोक्यावर मागे वळलेला लांब, बारीक तुरा. एखाददुसरा नव्हे, थवेच्या थवे. गावातल्या म्हाताऱ्यांनीही असला पक्षी कधी पाहिलेला नव्हता. पाहणार कसा? तो युरोप-आशियाचा. इंग्रजीत नॉर्दर्न लॅपविंग, म्हणजे आपल्या टिटवीचाच चुलत भाऊ. आपल्याकडे हिवाळ्यात तो उत्तर भारतात उतरतो.

मी सध्या सेंट जॉन्सला, म्हणजे न्यूफाउंडलंडच्या राजधानीत असतो. इथे पक्षी बघणाऱ्या कुणाशीही दहा मिनिटं बोललात की हा १९२७ चा विषय निघतोच. (तेव्हा न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हतं, वेगळं डोमिनियन होतं. कॅनडात आलं ते १९४९ मध्ये.)

हे पक्षी नेमके कुठून आले, यावर वाद घालायची वेळच आली नाही. २७ डिसेंबरला बोनाव्हिस्टाला मिळालेल्या एका टिटवीच्या पायात ॲल्युमिनियमचं कडं होतं. कड्यावर पत्ता होता: विदरबी, हाय होबर्न, लंडन. हॅरी विदरबी हे प्रकाशक आणि पक्षीतज्ज्ञ. १९०९ पासून ते ब्रिटनमध्ये पक्ष्यांना कडी घालण्याची योजना चालवत होते. त्यांची नोंदवही बघितली तर ही टिटवी पिल्लू असताना मे १९२६ मध्ये उत्तर इंग्लंडातल्या अल्सवॉटर तळ्याकाठी तिला कडं घातलेलं.

आता आल्या कशा? टिटवी जगते गांडुळं, अळ्या आणि मातीतल्या किड्यांवर. जमीन गोठली की तिचं ताट उचललं गेलं. त्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये एकाएकी कडाका पडला. अशा वेळी उत्तर इंग्लंडातल्या टिटव्या पश्चिमेला आयर्लंडकडे सरकतात, तिथे थंडी सौम्य असते. दरवेळचा शिरस्ता आहे हा. या खेपेला मात्र मागून पूर्वेचा जबरदस्त वारा होता. त्या निघाल्या, आयर्लंड पायाखालून निघून गेलं, आणि त्यापुढे थेट आम्ही.

म्हणून या पक्ष्यांना कुणी 'वाट चुकलेले' म्हटलं की मला पटत नाही. निघायचा निर्णय बरोबर होता, दिशाही बरोबर होती. वारा जास्त झाला, एवढंच.

पुढचं फार बरं नाही. इथली जमीनही गोठलेलीच होती. बऱ्याचशा उपाशी मेल्या, काही बंदुकीला बळी पडल्या. जानेवारी १९६६ मध्ये हवामानाचा तसाच नकाशा जुळून आला आणि पुन्हा टिटव्या आल्या. त्याखेरीज अधूनमधून एखादी येते, आणि ती आली की आमच्याकडे लोक गाड्या काढतात.

तुमच्या भागातले असे पाहुणे सांगा. पाणथळीतले आणि किनाऱ्यावरचे आधी, पण बाकीचेही चालतील.

चष्मेबद्दूर

वाखूसा (वाचनखूण साठवली). गणिताचा किडा वळवळला म्हणून करून बघितलं. आयर्लंडचा पश्चिम किनारा ते न्यूफाउंडलंड सुमारे ३००० किमी. टिटवीचा स्वतःचा वेग ताशी ७० धरला आणि पाठीवरचा वारा ताशी ९०, तर ताशी १६० झाले. म्हणजे एकोणीस तास! मला वाटलं होतं चार-पाच दिवस समुद्रावर उडत असतील बिचाऱ्या.

उत्तरवारा

बरोबर. विदरबींनीही साधारण एका दिवसाच्या आतबाहेरचाच हिशेब मांडला होता. टिटवी काही गॉडविटसारखी महासागर पार करायच्या तयारीने चरबी साठवत नाही. दोनेकशे ग्रॅमचा पक्षी. त्यातून थंडीने आधीच खंगलेला. चार-पाच दिवस लागले असते तर इथे पोचल्याच नसत्या.

रानजाई

आम्ही समोरच्या काठावर, आयर्लंडमध्ये, कॉर्कला. आमच्याकडे रहदारी उलटी. तुमच्याकडच्या टिटव्या म्हणजे शंभर वर्षांत एकदा-दोनदा, पण अमेरिकेतले वेडर (चिखलात, उथळ पाण्याकाठी चरणारे पक्षी) आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला दरवर्षी हजर. वेक्सफर्डचं टॅकमशिन नावाचं उथळ तळं आहे. तिथे सप्टेंबरात दुर्बिणी घेऊन बसलेल्या लोकांची रांगच लागते.

नेहमीचा यशस्वी पाहुणा म्हणजे पेक्टोरल सँडपायपर. आपल्या तुतवारांपैकीच, पण छातीवरच्या दाट रेघा एका ओळीत कात्रीने कापल्यासारख्या थांबतात आणि खाली स्वच्छ पांढरं पोट. पाय पिवळसर. दुसरा, माझा लाडका, बफ-ब्रेस्टेड सँडपायपर. याला चिखलापेक्षा आखूड गवत आवडतं. त्यामुळे गोल्फचं मैदान, विमानतळाची धावपट्टी, मेंढ्यांनी कुरतडलेलं कुरण, असल्या ठिकाणी सापडतो. माणसाची भीती अशी नाहीच. आम्ही गवतात पालथे पडलो होतो तर चरत चरत कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आला की लेन्सला फोकस जमेना. टपोरा काळा डोळा, चेहरा एकदम कोरा, ना भुवई ना पट्टी. अंगावर प्रत्येक पिसाला फिकट किनार असल्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते.

ही पाठ खवल्यांची का, तर ही सगळी त्या वर्षीची पोरं. प्रौढ पक्षी जुलै-ऑगस्टमध्येच आर्क्टिकहून दक्षिणेला निघतात. पिल्लं मागून, आईबापांशिवाय, पहिल्यांदाच. त्यांच्यातली बरीच उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला येतात आणि नेमकं तेव्हाच अटलांटिकवर वादळी हवेचे पट्टे पश्चिमेकडून पूर्वेला धावायला लागतात. त्यात सापडलं की दोन-तीन दिवसांत पिल्लू केरीच्या किनाऱ्यावर.

दुर्बीणवाला

धागा मस्त, पण उत्तरवारा, तुमचं 'वारा जास्त झाला, एवढंच' मला अर्धंच पटतं. टिटव्यांबाबत ठीक. पण वाऱ्यावर सगळं ढकलता येत नाही. शांत हवेतही पक्षी भलत्याच दिशेला जातात. १९६०च्या दशकात डेन्मार्कच्या योर्गेन राबोल यांनी उलट्या स्थलांतराची कल्पना मांडली: उपजत दिशा १८० अंशांनी फिरते आणि आग्नेयेला जायचं ते पिल्लू वायव्येला जातं. बरीच वर्षं सगळ्यांनी ती मान हलवत मान्य केली. २००३ मध्ये जेम्स गिलरॉय आणि ॲलेक्स लीस यांनी प्रश्न केला की नोंदी खरोखर तसं सांगतात का? त्यांचं म्हणणं, पिल्लं नेमकी उलटी अशी जात नाहीत. सगळ्याच दिशांना थोडीथोडी विखुरतात. त्यातली जी पश्चिम युरोपात येतात ती आपल्याला दिसतात, कारण तिथे दर दोन मैलांवर एक दुर्बीण आहे. जी मध्य आशियाच्या ओसाडीत पडली ती कोण मोजणार?

आणि चुंबकीय वादळांचं काय? २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बेंजामिन टोनेली, मॉर्गन टिंगली वगैरे मंडळींनी १९६० ते २०१९ या काळातल्या कडी घालण्याच्या वीस लाखांहून जास्त नोंदी चाळल्या. जाती १५२. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ असते तेव्हा शरद ऋतूत पक्षी नेहमीच्या टापूबाहेर जास्त सापडतात, असं निघालं. म्हणजे होकायंत्र बिघडतं. ती चूकच झाली ना?

उत्तरवारा

त्या १५२ जाती जमिनीवरच्या पक्ष्यांच्या आहेत. त्यात वेडर नाहीत. चुंबकीय होकायंत्र बिघडू शकतं हे मला मान्यच आहे. माझा मुद्दा एवढाच की एखादा पक्षी भलतीकडे दिसला की आधी त्या आधीच्या तीन-चार दिवसांचा हवेचा नकाशा बघावा. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांत निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच मिळतं, असा माझा अनुभव. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये युरोपियन गोल्डन प्लव्हर येतात, म्हणजे आपल्या सोनचिखल्याचे युरोपातले भाऊबंद. ते आइसलंडला निघालेले असतात. ईशान्येचा वारा सलग दोन-तीन दिवस टिकला की आम्ही कामावर निघायच्या आधी मैदानं बघून येतो. २०१४ च्या वसंतात तर मोठी लाट आली होती. वारा नसेल तर एकही नाही.

नोंदी तिथेच होतात जिथे दुर्बीण असते, हे मात्र शंभर टक्के.

भाबडा_प्रश्न

अहो, एक विचारू का? हे पक्षी परत घरी जातात का? की तिथेच मरतात?

रानजाई

भाबडा, प्रश्न अजिबात भाबडा नाही. टिटव्यांचं उत्तरवारांनी सांगितलंच. पण आमच्याकडे येणारे अमेरिकन वेडर सुखरूप असतात. किनाऱ्यावर खायला भरपूर. आठवडा-दोन आठवडे चरून पुष्ट होतात आणि दक्षिणेला निघतात. आतलं घड्याळ 'दक्षिणेला चल' म्हणतं आणि ते चालतात, फक्त महासागराच्या चुकीच्या बाजूने. काही वेडर तर त्याच खाडीत लागोपाठ अनेक हिवाळे परत आलेले लोकांनी पाहिलेत.

पेक्टोरलचं प्रकरण अजून गमतीचं आहे. हा पक्षी अमेरिकेतच नव्हे, सैबेरियातही वीण करतो आणि तिथलेही बहुतेक दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढतात. त्यामुळे आमच्याकडे आलेला पेक्टोरल पश्चिमेकडून आला की पूर्वेकडून, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

दुर्बीणवाला

पेक्टोरलचा विषय निघालाच आहे तर हे घ्या. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेचे बार्ट केम्पेनायर्स आणि मिहाई वाल्कू यांनी अलास्काच्या उटकियाविकला (जुनं नाव बॅरो) शंभर नरांच्या पाठीवर उपग्रह टॅग लावले. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. हे नर एका जागी विणीला बसतच नाहीत. एका मोसमात एक नर चोवीस निरनिराळ्या ठिकाणी फिरला. काहींनी विणीच्या त्या काही आठवड्यांतच १३,००० किमीपर्यंत मजल मारली, पार रशियापर्यंत. जिथे माद्या असतील तिथे चार दिवस नाचायचं, पुढच्या गावाला जायचं. तमाशाचा फड बरा, निदान सुपारी घेऊन जातो.

असा पक्षी आयर्लंडला दिसला तर त्याला टापूबाहेरचा म्हणायचं की त्याचा टापूच तेवढा आहे म्हणायचं, हे मला तरी ठरवता येत नाही. इथे उत्तरवारांच्या बाजूने अर्धा गुण.

उत्तरवारा

अर्ध्यावर समाधान आहे. :)

बार-टेल्ड गॉडविटचं पिल्लूही इथे सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०२२. वय जेमतेम पाच महिने, नाव नाही, टॅगचा नंबर २३४६८४. अलास्काहून निघालं आणि अकरा दिवस कुठेही न उतरता १३,५६० किमी उडत टास्मानियाला पोचलं. अलास्काचे गॉडविट सहसा न्यूझीलंड आणि पूर्व ऑस्ट्रेलियाला जातात. हे मात्र न्यूझीलंडच्या बाजूला आल्यावर पश्चिमेला वळलं. कुणी म्हणालं चुकलं, कुणी म्हणालं विक्रम केला. दोन्ही एकाच उड्डाणाबद्दल बोलत होते.

नाखवा

मालवणातून लिहितोय. तुमचे पक्षी लांबचे, आमचे वादळाचे. पावसाळ्यात मोठा वारा उठला की किनाऱ्यावर बूबी सापडतो. मास्क्ड बूबी, बदकापेक्षा मोठा, पांढरा, पंखांची कड काळी, चोच पिवळी. वाळूत बसून राहतो, जवळ गेलं तरी उडत नाही. हा भर समुद्रातला पक्षी, जमिनीला सहसा फिरकत नाही. पोरं त्याला उचलून पुन्हा लाटांत सोडतात. त्यांना वाटतं समुद्राचा पक्षी समुद्रात गेला की झालं. तसं करू नका. तो दमून, उपाशी पडलेला असतो. लाटेत टाकलात की संपला. चोच उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. हवेला भोकं असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, गडबडीपासून लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा. चोचीपासून डोळे सांभाळा. मासे पकडायची चोच आहे ती.

माझा प्रश्न: भर समुद्रात वादळ आलं की हे तुमचे वेडर काय करतात? पाण्यावर बसता तर येत नाही त्यांना.

रानजाई

नाखवा काका, सोन्यासारखी माहिती. पुठ्ठ्याच्या खोक्याचा सल्ला वेगळा काढून वर चिकटवायला हवा.

वादळाचं एक उदाहरण ठाऊक आहे. होप नावाची व्हिम्ब्रेल, आपल्या कुरलची लहान बहीण. अमेरिकेत व्हर्जिनियाला २००९ मध्ये तिला उपग्रह टॅग लावला होता. ऑगस्ट २०११ मध्ये ती अटलांटिकवर गर्ट नावाच्या वादळात शिरली. सत्तावीस तास समोरच्या वाऱ्याशी झगडत होती. वेग ताशी जेमतेम चौदा-पंधरा किमी, सायकलवाला मागे टाकेल असा. वादळाचा मध्य ओलांडला आणि तोच वारा पाठीवर आला, तशी ताशी जवळजवळ दीडशेने सुटली. जगली.

त्याच मोसमात माची आणि गोशेन या आणखी दोन टॅगवाल्या व्हिम्ब्रेलही वादळांतून सहीसलामत निघाल्या. टेकायला म्हणून ग्वाडलूप बेटावर उतरल्या आणि १२ सप्टेंबरला दोघीही शिकाऱ्यांच्या गोळीला बळी पडल्या. तिथे तेव्हा वेडरची शिकार कायदेशीर होती.

चष्मेबद्दूर

दोघी एकाच दिवशी?

रानजाई

हो. एकच बेट, एकच दिवस.

ओलीसुकी

मी नवीन आहे, सांभाळून घ्या. रविवारी भिगवणला कुंभारगावच्या बाजूने नावेतून गेलो होतो. काठच्या आखूड गवतात एक पक्षी दिसला. पाठ अगदी रानजाईताईंनी लिहिलंय तशी खवल्यांची, मान-छाती पिवळसर बदामी, चेहरा साधा. नावाडी दादा म्हणाले "नेहमीचाच आहे." पण धागा वाचल्यापासून झोप नाही. बफ-ब्रेस्टेड तर नसेल? फोटो फार लांबून काढलाय, उद्या टाकते. शेजारी तसाच दिसणारा पण बराच मोठा एक होता, तो दुसरी जात असेल का?

दुर्बीणवाला

ओलीसुकी, झोपा निवांत. तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. तसाच दिसणारा पण बराच मोठा, म्हणजे रफची जोडगोळी. रफमध्ये नर मादीपेक्षा ठळक मोठा असतो आणि नवख्या माणसाला हमखास दोन जाती वाटतात. कोवळा रफ बदामी आणि खवल्यांचा असतोच. भिगवणला रफ शेकड्यांनी असतात.

तरी फोटोत हे बघा. रफची मान लांब, डोकं त्या मानाने लहान, चोच थोडी लांब आणि टोकाला किंचित खाली झुकलेली. बफ-ब्रेस्टेडची चोच आखूड, सरळ, काळी. डोकं गोल, पाय चक्क पिवळे. सगळ्यात पक्की खूण उडताना मिळते: रफच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे लंबगोल डाग दिसतात. बफ-ब्रेस्टेडला ते नसतात, त्याच्या पंखांची खालची बाजू पांढरीशुभ्र असते.

आणि नावाडी दादांचं ऐकत जा. ते रोज तिथे असतात.

मावळतीचा_रंग

भिगवणला सापडलं म्हणून इथे नेमकी जागा लिहू नका हं. मागे एका दुर्मीळ पक्ष्याची जागा फुटली तेव्हा दोन दिवसांत तीस-चाळीस कॅमेरे, नावा पार अंगावर नेलेल्या, पक्षी दर दहा मिनिटांनी उडतोय.

नाखवा

रफची जागा लपवायची? मग कावळ्याची पण लपवा. :)

मावळतीचा_रंग

रफची नव्हे हो! तत्त्वाचं बोलतेय.

उत्तरवारा

तत्त्व रास्त आहे. आमच्याकडे साधारण असं चालतं: पक्षी रस्त्यावरून दिसत असेल आणि खायला भरपूर असेल तर जागा सांगतात. थकलेला, आडोशाला बसलेला असेल तर तो निघून गेल्यावरच नोंद जाहीर करतात. थंडीने खंगलेली टिटवी चार वेळा उठवली तर तिच्या अंगात उरलेलं होतं नव्हतं ते संपतं.

भाबडा_प्रश्न

अजून एक. कडं असलेला पक्षी दिसला तर काय करायचं? विदरबींच्या पत्त्यावर पाठवायचं का? :)

उत्तरवारा

विदरबींची योजना १९३७ मध्ये ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीकडे गेली, तेव्हा होबर्नला कुणी दार उघडणार नाही. भारतात घातलेल्या कड्यांवर 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी' असं कोरलेलं असतं, त्यांना कळवायचं. सोबत तारीख, जागा, आणि पक्षी जिवंत होता की मेलेला. कड्यावरचा नंबर पूर्ण वाचता आला नाही तरी जेवढा वाचला तेवढा लिहा, अंदाजाने भरू नका.

वेडरच्या पायाला हल्ली प्लास्टिकची रंगीत झेंडीही असते. तिचा रंग, त्यावरची अक्षरं, उजवा पाय की डावा, आणि पायाच्या सांध्याच्या वर की खाली. दोन झेंड्या असतील तर वर कोणती आणि खाली कोणती, हेही लिहायचं, कारण त्या जोडीवरून देश कळतो.

ओलीसुकी

फोटो मोठा करून बघितला. पुढच्याच फ्रेममध्ये दोघंही उडालेत आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे डाग स्पष्ट आहेत. रफच. दुर्बीणवाले दादा, आभार. पण त्याच फोटोच्या कोपऱ्यात एक शेकाट्या आहे आणि त्याच्या डाव्या पायावर, सांध्याच्या वर, काहीतरी पांढरं दिसतंय. झेंडी आहे की चिखल वाळलाय? मूळ फाइल कुठे चढवू?

दुर्बीणवाला

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मूळ फाइलच पाठवा, व्हॉट्सॲपवरून नको, तिथे फोटो दाबला जातो.